चारशे दोनची पिशवी

नाशिकजवळच्या मखमलाबादचे खंडेराव पिंगळे संशयी होते, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पंपावर पेट्रोल भरताना ते आकड्यावर असे डोळे रोखून उभे राहायचे, की भरणाऱ्याला आपणच काहीतरी चोरलंय असं वाटायला लागावं. पावशेर शेव आणली तरी घरी आल्यावर फुलांच्या काट्यावर पुन्हा तोलून बघायचे. थोडी जास्त भरली तर आणखी संशय, यानं जास्त का दिली? कलाबाई, म्हणजे त्यांची बायको, पस्तीस वर्षं हे बघत आली होती आणि आता तिनं त्यावर हसायचंही सोडून दिलं होतं.

धंदा फुलपुडीचा. मळ्यात झेंडू, शेवंती, गुलाब आणि बांधावर तुळस, दूर्वा. संध्याकाळी फुलं तोडायची, सून भाग्यश्रीनं ती रद्दीच्या पेपरात बांधून शंभरावर पुड्या करायच्या, आणि सकाळी उजाडता उजाडता खंडेरावांनी मोपेडवर दोन पोती लादून गंगापूर रोडच्या सोसायट्यांत त्या दारोदार टांगायच्या. प्रत्येक घराच्या दोन कापडी पिशव्या होत्या. भाग्यश्रीनं त्या जुन्या साड्यांच्या शिवल्या होत्या आणि वर फ्लॅटचा नंबर रंगवला होता. भरलेली पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि गिऱ्हाइकानं टांगून ठेवलेली कालची रिकामी काढून आणायची, अशी रीत. बारा वर्षं हे चाललं होतं, तरी निम्म्या गिऱ्हाइकांची तोंडं खंडेरावांनी पाहिलेली नव्हती. सकाळी सहाला दार उघडतंय कोण? पैसे भाग्यश्रीच्या फोनवर यायचे, निरोपही तिलाच यायचे. खंडेराव दारं तेवढी ओळखायचे.

तर एका मंगळवारी काय झालं, 'मंदार' सोसायटीत चौथ्या मजल्यावर चारशे दोनच्या दाराची रिकामी पिशवी काढताना ती उलटी झाली आणि आतून चार घड्या घातलेला कागद खाली पडला. खंडेरावांनी उचलला, उघडला. निळ्या शाईत मधोमध एक मोठं इंग्रजी अक्षर, त्याच्याभोवती गोलात सहा अक्षरं. खाली इंग्रजीच शब्दांची उतरंड, आणि शेवटी एका आकड्याभोवती गोल. खंडेराव चौथी पास. इंग्रजी आकडे त्यांना येत होते, गाडीच्या पाटीवरचं एमएच पंधरा येत होतं, पुढे सगळं कुलूपबंद. त्यांनी कागद तसाच घडी करून पिशवीत टाकला. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

घरी आल्यावर त्यांनी पोती ओट्यावर टाकली आणि नळावर तोंड धुण्याचं निमित्त करून तिरक्या डोळ्यानं बघत राहिले. भाग्यश्री आली. शंभर पिशव्यांतून तिनं बरोबर चारशे दोनची उपसून काढली, आत हात घातला, कागद काढून पदराआड केला आणि हसली. एकटीच. समोर माणूस नाही काणूस नाही, आणि बाई हसतेय.

भाग्यश्री सायखेड्याची. लग्नाला चार वर्षं झालेली. बारावीला इंग्रजीत नापास झाली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं जेवायला वाढता वाढता विचारलं होतं, पुन्हा परीक्षेला बसू का म्हणून. त्यावर खंडेराव म्हणाले होते, आता काय झेंडूला इंग्रजीत हाका मारायच्यात का? सगळी पंगत हसली होती. खंडेरावांना आपला तो विनोद इतका आवडला होता, की पुढे दोन-तीन लग्नांत त्यांनी तो पाहुण्यांनाही सांगितला. भाग्यश्रीनं विषय पुन्हा काढला नाही. गुणाची पोर, असं ते तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

आणि आता ही गुणाची पोर इंग्रजीत चिठ्ठ्या लिहीत होती, आणि त्या पोचवत कोण होतं, तर खुद्द सासरा! बारा वर्षं पंपावरच्या आकड्याला फसला नाही तो माणूस स्वतःच्या मोपेडवर रोज टपाल वाहत होता. हे लक्षात आलं तेव्हा खंडेरावांना रागापेक्षा लाज जास्त वाटली.

एकदा संशय शिरला, की सगळं दिसायला लागतं. भाग्यश्री पुड्या बांधताना चारशे दोनची बाजूला ठेवायची आणि सगळ्यात शेवटी बांधायची. झेंडू तोडताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं परातीत अक्षर काढायची आणि कुणी आलं की पुसून टाकायची. खंडेरावांनी कलाबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, सूनबाई काय लिहीत बसते गं? कलाबाई म्हणाली, पुड्यांची यादी असंल. आणि असं म्हणताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई खोटं बोलताना चुलीकडे बघते, एवढं खंडेरावांना ठाऊक होतं. म्हणजे हीसुद्धा सामील!

अमोल, त्यांचा एकुलता एक मुलगा, अंबडच्या कंपनीत पाळीवर जायचा. आठवड्यातून दोन-तीनदा रात्रपाळी. पोरगा भोळा, बायकोवर जीव टाकणारा. गल्लीतल्या एकाची बायको दोन वर्षांपूर्वी निघून गेली होती. तो अजून मारुतीच्या पारावर येऊन बसतो आणि कुणाशी बोलत नाही. आपला अमोल तसा पारावर बसलेला खंडेरावांच्या डोळ्यांसमोर यायला लागला, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून ते उठायला लागले.

बुधवारी त्यांनी 'मंदार'च्या वॉचमनला गाठलं. वाळू त्याचं नाव. चारशे दोन कुणाचा रे, असं त्यांनी वर बघत विचारलं. राज सरांचा, वाळू म्हणाला. तरणा आहे का? असेल पस्तिशीचा, का हो नाना? वाळूची बहीण मखमलाबादेत दिलेली होती. आणखी एक शब्द विचारला असता, तर संध्याकाळपर्यंत तो गावच्या पारावर पोचला असता. खंडेरावांनी काय नाय, काय नाय करत मोपेडला किक मारली. अर्धवट विचारलेल्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर घेऊन माणूस निघाला, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

त्याच दिवशी चारशे दोनच्या पिशवीतली चिठ्ठी त्यांनी तासभर स्वतःकडे ठेवली आणि पंचवटी कारंजापाशी दत्तू झेरॉक्सवाल्याकडे नेली. पाव्हण्याच्या पोराचा कागद आहे, काय लिहिलंय बघ, असं सांगितलं. दत्तूनं चष्मा वर केला, खाली केला. नाना, वरच्या अक्षरांचा काय शब्द होत नाय, नुसती अक्षरं आहेत, तो म्हणाला. आणि खाली? खाली शब्द आहेत, पण वाक्य नाही. ट्रेन म्हणजे आगगाडी. टेल म्हणजे शेपूट. लेटर म्हणजे नंतर. आणि हे शेवटचं, लॅट्रिन, म्हणजे संडास. दत्तू पोट धरून हसायला लागला.

खंडेराव हसले नाहीत. दत्तूला काय, त्याच्या घरचं जळत नव्हतं. सरळ अर्थ लागत नाही म्हणजे खूण असणार, एवढं कळायला पदवी लागत नाही. आगगाडी, म्हणजे नाशिकरोड स्टेशन. संडास, म्हणजे स्टेशनावरच्या संडासापाशी भेटायचं. नंतर, म्हणजे आज नाही, पण लवकरच. शेपटाचा अर्थ काही केल्या लागेना. शेवटी त्यांनी तोही लावला. गाडीच्या शेपटाकडचा डबा. चिठ्ठी त्यांनी पुन्हा पिशवीत टाकली, कारण भाग्यश्रीला सुगावा लागू द्यायचा नव्हता.

अमोलला सांगावं तर पोरगा कोलमडेल. भाग्यश्रीला विचारावं तर ती आजच गाडी गाठेल. खंडेरावांनी विचार केला, की टपाल आपल्याच हातात आहे. ते बंद केलं, की प्रकरण वाळून जाईल. कुणाला कळायचं नाही, बोभाटा नाही, घराची अब्रू घरात. स्वतःच्या अकलेवर ते बेहद्द खूश झाले.

गुरुवारी त्यांनी जाताना भाग्यश्रीची चिठ्ठी पिशवीतून काढून खिशात घातली आणि येताना चारशे दोनचीही. घरी भाग्यश्रीनं पिशवीत हात घातला, पिशवी उलटी केली, झटकली. तिचा चेहरा उतरला. शुक्रवारी पुन्हा तेच. शुक्रवारी संध्याकाळी तिनं विचारलं, नाना, चारशे दोनची पिशवी कुठं पडली-बिडली होती का? खंडेराव नाय म्हणाले आणि चहा बशीत ओतला. ती त्या दिवशी नीट जेवली नाही. बघा, खंडेराव मनाशी म्हणाले, लागलं बरोबर वर्मी. शनिवारच्या रिकाम्या पिशवीतल्या चिठ्ठीत अक्षरंच नव्हती. पानभर एकच मोठं प्रश्नचिन्ह होतं, आणि तेवढं मात्र खंडेरावांना वाचता आलं. गडी कासावीस झालाय, ते जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटले. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

रविवारी चारशे दोनच्या दाराला रिकामी पिशवी नव्हती. कडी मोकळी. रुसला वाटतं, खंडेरावांना वाटलं. त्यांनी ताजी पुडी टांगली आणि खाली आले. घरी भाग्यश्री ओट्यावर उभीच होती.

"नाना, चारशे दोनची पिशवी?"

आता इथं खंडेराव नुसतं, नव्हती, एवढं म्हणू शकले असते. पण त्यांना प्रकरण मुळापासून उपटायचं होतं.

"बाहेरगावी गेलेत म्हणं ते लोक. वॉचमन सांगत होता."

भाग्यश्री गोंधळली. न सांगता? असं कधी होत नाही, म्हणाली. थोड्या वेळानं ती विहिरीच्या बाजूला जाऊन फोन लावताना दिसली. दोनदा लावला, दोनदा ठेवला. पलीकडून कुणी उचलला नाही, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. दोन्ही पिशव्या तिकडेच अडकलेल्या, तरी संध्याकाळी तिनं चारशे दोनची पुडी बांधलीच. खंडेराव म्हणाले, कशाला बांधते, ते नाय तिथं. त्यावर ती म्हणाली, त्यांनी मला बंद करा म्हणून कळवलं नाही, तोवर बांधणार. त्या पुडीत मात्र चिठ्ठी नव्हती.

सोमवारी खंडेराव चौथ्या मजल्यावर आले आणि चारशे दोनसमोर थबकले. कालची पिशवी कडीला तशीच होती. आतली शेवंती मान टाकून काळपटली होती.

पहिल्यांदा त्यांना बरंच वाटलं. गेला बहुतेक खरंच. पण फुलपुडीवाल्याला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. गावाला जाणारं गिऱ्हाईक आधी पुडी बंद करतं, मग दूध. बारा वर्षांत एकही घर न कळवता गेलं नव्हतं. न उचललेली पुडी त्यांनी या बारा वर्षांत दोनदाच पाहिली होती, आणि दोन्ही वेळा नंतर दारात माणसं जमलेली पाहिली होती. बाहेरगावचं तर त्यांनी स्वतःच रचलं होतं. ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

त्यांनी बेल दाबली. पुन्हा दाबली. शेजारच्या फ्लॅटला कुलूप. मग त्यांनी दाराला कान लावला. आत कुठंतरी फरशीवर काहीतरी वाजत होतं. टक, टक, मग थांबत होतं. पुन्हा टक.

त्यांनी वरूनच वाळूला हाक मारली. वाळू धापा टाकत आला. आत हाय कोण रे, खंडेरावांनी विचारलं, तर तो म्हणाला, "कोण म्हणजे? राज सरांची आई. सर जहाजावर असतात, चार-चार महिने. म्हातारी एकटीच राहते, नाना. कामवाली येवल्याला लग्नाला गेलीय परवापासून."

त्यांनी भाग्यश्रीला फोन लावला. एवढंच म्हणाले, चारशे दोनची कालची पुडी दारालाच हाय, आन आतून आवाज येतोय.

"दार तोडा, नाना. मी निघाले."

वाळूनं तळमजल्यावरून पहार आणली. लॅच तुटायला पाच मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात खंडेरावांनी जितके देव आठवले, तितके नवरात्रातही आठवले नव्हते. आतल्या खोलीत कपाटापाशी स्टूल आडवं पडलं होतं. त्याच्याजवळ एक म्हातारी बाई, सत्तरी उलटलेली, कुशीवर पडली होती. पाय विचित्र वळला होता. ओठ फुटले होते. शेजारी पाण्याचा तांब्या लवंडलेला, आणि हातातल्या चमच्यानं ती फरशीवर टकटक करत होती. दुसऱ्या हातात एक कार्ड होतं. खंडेरावांनी ते लगेच ओळखलं. त्यांचंच होतं. 'पिंगळे फुलपुडी सेवा', खाली गाव आणि फोन. बारा वर्षांपूर्वी पहिल्या पुडीबरोबर दिलेलं.

वाळूनं रुग्णवाहिकेला फोन लावला. खंडेरावांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. तिनं डोळे उघडून त्यांच्या कपाळावरचा गंध, खांद्यावरचं उपरणं, हाताला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या असं सगळं बघितलं.

"तुम्ही फूलवाले ना?" तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "भाग्यश्री बरी आहे का? तीन दिवस चिठ्ठी आली नाही तिची. मला वाटलं, पोरीला काही झालं. फोनवर मला ऐकू येत नाही, मेसेजचं सगळं राजच बघतो. म्हणून तुमचा पत्ता शोधायला चढले, वाळूला पाठवावं म्हटलं."

खंडेरावांच्या सदऱ्याच्या खिशात सात चिठ्ठ्या होत्या. म्हातारीचा कान त्या खिशालाच टेकला होता. बरी हाय, बरी हाय, असं ते कितीतरी वेळा म्हणत राहिले, आणि तिला ऐकू जात नव्हतं म्हणून प्रत्येक वेळी मान हलवत राहिले.

तिचं नाव सुवर्णाबाई. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शनिवारी सकाळी पुडी आत घेतली, पुडीत चिठ्ठी नाही म्हणून स्टुलावर चढल्या, आणि तेव्हापासून दोन दिवस तिथं पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. आणखी एक दिवस. रविवार खंडेरावांनी स्वतः त्यात घातला होता.

सुवर्णाबाईंना आत नेल्यावर दवाखान्याच्या बाकावर खंडेराव आणि भाग्यश्री दोघंच उरले. खंडेरावांनी खिसा रिकामा केला. सात चिठ्ठ्या बाकावर ठेवल्या. भाग्यश्रीनं एकेक उघडली आणि मांडीवर दिवसाच्या क्रमानं लावली. प्रश्नचिन्हाच्या चिठ्ठीवर तिचा हात थांबला.

"बाहेरगावी गेलेत, असं वाळू म्हणाला होता ना?"

"नाय," खंडेराव म्हणाले. "म्याच म्हणलो." मग वाळूला काय विचारलं, दत्तूला कागद कसा दाखवला, तेही त्यांनी सांगून टाकलं.

तिनं आरडाओरडा केला नाही. सपाट आवाजात सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वी चारशे दोनची पुडी इंग्रजी पेपरात बांधली गेली. त्या पानावर शब्दांचा खेळ होता. सात अक्षरं दिलेली, त्यांतून शब्द शोधायचे, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच हवं. पुड्या बांधता बांधता तिनं सहज पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले होते. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पिशवीत तोच कागद परत आला, खाली निळ्या शाईत आणखी नऊ शब्द. तिथून सुरू झालं. एक दिवस मॅडम अक्षरं द्यायच्या, एक दिवस ती. कोणाचे शब्द जास्त, त्याचा आकडा गोलात. फोनमध्ये बघायचं नाही, डोक्यातलंच लिहायचं, एवढाच नियम. पहिल्या महिन्यात तिचे पाच यायचे, आता वीसच्या वर जात होते. येत्या परीक्षेचा फॉर्मही मॅडमनीच भरायला लावला होता.

खंडेरावांनी विचारलं, अमोलला ठाऊक हाय? भाग्यश्री म्हणाली, पेन त्यांनीच आणून दिलं. आईंनाही माहीत आहे. खंडेरावांनी उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं. मग म्हणाले, तुम्ही मला का नाय सांगितलं? त्यांना वाटलं होतं, ती झेंडूच्या त्या विनोदाची आठवण करून देईल. तिनं चिठ्ठ्यांची गड्डी केली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "तुम्ही विचारलंत का, नाना? वॉचमनला विचारलंत, दत्तूलाही विचारलंत. मला नाही विचारलंत."

घरी आल्यावर कलाबाईनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. तिनंही शिव्या दिल्या नाहीत, आणि खंडेरावांना तेच जास्त झोंबलं. सगळ्या घराला ठाऊक होतं, ती शेवटी म्हणाली. तुम्ही हसाल म्हणून तेवढं तुमच्यापासून लपवलं होतं. या घरात चोरून करायची गोष्ट झाली ती, आणि झाली कुणामुळे ते तुमचं तुम्ही बघा. खंडेरावांनी ताटावरून हात उचलला, पण उठले नाहीत. अन्नाला पाठ दाखवायचा हक्क आपल्याला आता राहिला नाही, असं त्यांना वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. राजचं जहाज बंदराला लागायला आठ दिवस होते, तोवर भाग्यश्री दुपारी दवाखान्यात बसायची. दवाखान्यात फुलं पोचवायचं काम खंडेरावांनी स्वतःहून घेतलं. फेरी संपली की चारशे दोनची पिशवी घेऊन ते वॉर्डात जायचे, खाटेच्या दांड्याला टांगायचे आणि लांब उभे राहायचे. सुवर्णाबाई हात जोडायच्या. माझा जीव वाचवला, असं नर्सला दाखवून सांगायच्या. ते ऐकलं की खंडेराव वॉर्डातून बाहेर पडायचे. खरं काय ते भाग्यश्रीनं सुवर्णाबाईंना सांगितलं नव्हतं. मी का सांगू, तुमचं तुम्ही सांगा, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बाराव्या दिवशी त्यांनी सांगितलं. ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. सुवर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी उशाखालची चिठ्ठी काढली, घडी घातली आणि खंडेरावांच्या हातात दिली. भाग्यश्रीला पोचवा, म्हणाल्या.

आता त्या काठी घेऊन चालतात. चारशे दोनच्या कडीला रोज रिकामी पिशवी असते आणि खंडेराव तिच्यात हात घालत नाहीत. भाग्यश्री मात्र आपली चिठ्ठी पिशवीत ठेवत नाही. दवाखान्यातल्या पहिल्या सकाळपासून तिनं हे धरलंय. खंडेराव पोती बांधून निघाले, की ती ओट्यावरून पुढे येते आणि चिठ्ठी उघडी, घडी न घालता त्यांच्यासमोर धरते.

"बघून घ्या, नाना. मग टाका पिशवीत."

आवाजात राग नसतो. खंडेराव मान खाली घालून बघतात. मधलं एक अक्षर, भोवती सहा, खाली शब्दच शब्द. त्यांना त्यातला एकही शब्द वाचता येत नाही, हे तिला ठाऊक असतं. ते बघून होईतो ती थांबते. मग ते आपल्या हातानं कागदाच्या चार घड्या घालतात, पिशवीत ठेवतात आणि मोपेड सुरू करतात.